ताई उचलून आणायच्या ती बचत

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी फ्रीगंजात किराण्याच्या दुकानात उभी होते आणि दुकानदार मला अर्धा किलो साबुदाणा तोलून देत होता. अर्धा किलो हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या मोठ्या जाऊबाईंना, निर्मलाताईंना, त्या शब्दाचीच चीड होती. "अर्धा किलो काय गं, औषध घ्यायला आलीस का?" असं त्या मला भर दुकानात म्हणाल्या आहेत. फोनवर भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, होते. म्हणाले, "सुनीता, ही उठत नाहीये." मग मागून कोणी तरी काही बोललं आणि भाऊजी म्हणाले, "डॉक्टर आलेत... गेली म्हणतात." दुकानदार पुडा पुढे करून उभा होता. मी तो घेतला, पिशवीत टाकला आणि नानाखेड्याला, ताईंच्या घरी निघाले. रडू आलं नाही. सहा महिने आमचं बोलणं नव्हतं, आणि ज्याच्याशी भांडण अर्धवट राहिलंय त्याच्यासाठी एकदम रडायला येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

भांडण एका कार्डावरून होतं. इंदूरला एक मोठं होलसेलचं गोदाम उघडलं होतं. वर्षाची फी भरा, मेंबर व्हा, आणि घरचं सगळं सामान ठोकात, स्वस्तात न्या. एका कार्डावर एकच फोटो, आणि सामान त्याच माणसाने न्यायचं. आमच्या तीन घरांत मिळून एक कार्ड काढायचं ठरलं: ताईंचं, आमचं आणि नणंदेचं. फी तिघांत. फोटो कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारलाही नाही. मी नोकरीवाली, नणंद उज्ज्वलाची मुलं लहान, आणि ताई "घरीच असतात". शिवाय त्यांचं घर नानाखेडा बस स्टँडपासून चालत जाण्यासारखं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताई सकाळच्या बसने इंदूरला जायच्या आणि दुपारी तेलाचा पंधरा लिटरचा डबा, साखर, डाळी, साबण असं सगळं घेऊन परत यायच्या. संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात वाटणी व्हायची. आम्ही रिकाम्या बाटल्या आणि डबे घेऊन जायचो. ताई खाली बसून नरसाळ्याने तेल ओतायच्या, बोटाने बाटलीवर रेघ दाखवायच्या, "बघ बाई उज्ज्वला, तुझी भरली. नंतर म्हणू नकोस मोठ्या वहिनीने मारलं." आणि भाऊजी खुर्चीतून विचारायचे, "मग? या खेपेला किती वाचले?"

ताईंना तिथे जायला आवडायचं, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. नववीत शाळा सुटलेली, तीस वर्षं स्वयंपाकघर आणि सासूबाईंचं आजारपण, आणि आता एकदम थंडगार हॉल, लोखंडी ढकलगाडी, दारावरचा माणूस म्हणणार, "आइए मैडम." कार्ड त्या पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या. तिथे चाखायला फुकट काही ठेवलेलं असे, त्याची आम्हाला साग्रसंगीत नक्कल करून दाखवायच्या, लाकडी काडीला टोचलेला चीजचा तुकडा तोंडात टाकून डोळे मिटणाऱ्या शेठाणीची. हसून हसून पोट दुखायचं. आणि त्याच झपाट्यात पाच लिटरची शांपूची बाटली आणायच्या, जिचं टोपण शेवटपर्यंत कुणाला नीट बंद करता आलं नाही.

मला ते कार्ड पहिल्यापासून पटलं नव्हतं. माझे वडील फ्रीगंजात एका टेलरकडे मशीनवर बसायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मी, बी.कॉम., आणि मला त्याचा गर्व आहे. असणारच. सासरचे लोक पणजोबांनी कुठल्या सरदाराकडे कारकुनी केली ते सांगतात, मी माझी डिग्री सांगते. तर या बी.कॉम.ला दिसत होतं की घरात साबुदाण्याला किडे पडताहेत, बिस्किटांचा खोका आहे म्हणून पोरं दिवसाला दोन पुडे उडवताहेत, साबण इतके आहेत की न्हाणीत एकाच वेळी तीन विरघळताहेत. पूर्वी डब्यात तेल कमी दिसलं की बाई हात आखडून फोडणी करायची. आता पंधरा लिटर समोर दिसतं, मग भजी तळली जातात. स्वस्त मिळतं म्हणून जास्त आणायचं, जास्त आहे म्हणून जास्त वापरायचं, आणि मग म्हणायचं वाचले. कुठे वाचले?

मी चार महिने कागद भरला. गोदामाचा भाव, आमच्या किराणावाल्याचा भाव, बसभाडं, फी, वाया गेलेलं सामान. दसऱ्यानंतरच्या वाटणीला तो कागद मी व्हरांड्यात सगळ्यांसमोर वाचला. तेल आणि साखरेत थोडे पैसे सुटत होते, साबणात बरोबरी, बाकी सगळ्यात नुकसान. वाचताना मला फार बरं वाटत होतं, हे आज कबूल करते. भाऊजी म्हणाले, "म्हणजे इतके दिवस ही फालतूच जात होती?" उज्ज्वला हसली. ताईंच्या हातात नरसाळं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, तेलकट हात पदराला न पुसता तसेच धरून म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस बाई. मी आपली नुसती उचलते."

मी तो टोमणा समजले. उलट म्हटलं, "ताई, आकड्यांना राग येत नाही." काय वाक्य होतं! घरी जाऊन नवऱ्याला परत ऐकवलं. पुढच्या महिन्यापासून आमचा वाटा मी बंद केला. ताई उरलेल्या दोन घरांसाठी जात राहिल्या. लग्नकार्यात भेटलो की "बरं आहे ना?" एवढंच. त्यांच्या अमोलचं लग्न झालं तेव्हाही मी हळदीला गेले, वाढायला उभी राहिले, आणि त्या मला म्हणाल्या, "थोडी बस आता." मी बसले नाही. माफी मागायचं माझ्या मनातही नव्हतं. कागद बरोबरच होता ना.

तेराव्याला नातेवाईक जमले आणि ताईंचं कौतुक सुरू झालं. मला ते ऐकवत नव्हतं. "काय काटकसर होती बाईची!" "तीन घरं सांभाळली हो!" उज्ज्वला डोळे पुसत म्हणाली, "मोठी वहिनी लक्ष्मी होती. इतकी बचत कोण करतं आजकाल?" आणि त्याच श्वासात, पदर खाली यायच्या आत, "आता कार्डाचं काय करायचं? प्राची, तू जाशील ना गं? तुझी शाळा तर रविवारी बंदच असते." प्राची म्हणजे अमोलची बायको, लग्नाला चार महिने झालेली, एका खासगी शाळेत शिकवणारी. आठवड्याचा तिचा तो एकच दिवस. ती पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. दोघेही जेवत राहिले. मग ती म्हणाली, "हो... जाईन ना." अगदी तशी, जशी पूर्वी कधी तरी ताई म्हणाल्या असतील.

तिथे माझं डोकं फिरलं. माझ्या कागदावर बसभाडं होतं, फी होती, किड्यांनी खाल्लेला साबुदाणासुद्धा होता. ताईंचा रविवार कुठे होता? त्यांचा दुखरा गुडघा कुठे होता? बी.कॉम. झालेल्या बाईने चार महिने हिशेब केला आणि जिने तो डबा उचलला तिलाच धरलं नाही. त्या मला तोंडावर सांगत होत्या, नुसती उचलते म्हणून, आणि मी टोमणा समजून घरी मिरवत गेले. तेलाच्या डब्याने माणूस मरत नाही, एवढं मलाही कळतं. डॉक्टरांनी हृदय सांगितलं, हृदयच असेल. पण तेल-साखरेत जे सुटत होते ते त्या गोदामाने दिलेले नव्हते. ते ताईंच्या अंगातून काढलेले होते, आणि आम्ही तीन घरांनी ते बाटलीवर रेघ मारून वाटून घेतले.

मी म्हटलं, "प्राची जाणार नाही."

उज्ज्वला म्हणाली, "धाकट्या वहिनी, तुमचा तर वाटाच नाही. तुम्ही कशाला मधे?"

"बचत पाहिजे ना? मग भाऊजींना जाऊ दे. रिटायर आहेत, तब्येत ठणठणीत आहे."

भाऊजींच्या कपाळावर आठी आली. "मी जाऊ? तेल आणायला?"

"खाता ना तुम्ही?"

माझ्या नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. भाऊजींनी पत्रावळ पुढे सारली. मग म्हणाले, "जातो. तूही चल बरोबर. तुलाच फार कळतं ना हिशेबातलं, दाखव मला. काही अडचण नाही असं दिसलं तर प्राची जाईल. मग तू तोंड उघडायचं नाहीस."

मी म्हटलं, "मंजूर."

पहिल्या रविवारी आम्ही गेलो. काउंटरवरच्या माणसाने ताईंचं कार्ड मशीनला लावून म्हटलं, "ये तो मेंबर खुद आएँगी तभी चलेगा." भाऊजी म्हणाले, "वो अब नहीं आएँगी." "तो नया बनवा लो अंकल, आज ऑफर चल रहा है." माणूस गेल्याची बातमी आणि ऑफर, दोन्ही एका दमात. भाऊजींनी फॉर्म भरला, फोटोसाठी टोपी काढली. मग सामान. डबा ढकलगाडीतून खाली घेताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हात लावला नाही. दुष्टपणा म्हणा. बस स्टँडपर्यंत रिक्षा, रिक्षातून फलाट, फलाटावरून बसची पायरी... पायरीवर त्यांनी डबा टेकवला आणि दांडा धरून उभे राहिले. मागचे लोक ओरडायला लागले, "चलो बाबूजी, आगे बढ़ो!" तेव्हा मात्र मी एक बाजू धरली.

कंडक्टरने डबा पाहिला, वरचं लेबल पाहिलं आणि म्हणाला, "पीछे ले आओ, आख़िरी सीट के नीचे. वहाँ हिलता नहीं. उधर एक आंटी रखती हैं हर महीने." भाऊजी डबा मागे नेऊ लागले. मी त्याला सांगितलं की त्या आमच्याच, आणि आता नाहीत. त्याने तिकिटांची थप्पी खाली केली. "अरे..." म्हणाला, "बहुत हँसाती थीं. दोनों पाँव से डब्बा पकड़ के बैठती थीं पूरा रास्ता, ब्रेक लगे तो लुढ़के नहीं. मैं बोलता था, आंटी, उतार के घर तक कैसे ले जाओगी? तो बोलती थीं, तू फ़िकर मत कर, स्टैंड पे घरवाले लेने आएँगे."

आमच्यापैकी कोणीही कधीच गेलं नव्हतं. स्टँडपासून घर पायी पंधरा मिनिटांवर. भाऊजी त्या वेळी वर्तमानपत्र वाचत असत, आणि आम्ही संध्याकाळी बाटल्या घेऊन पोहोचत असू.

भाऊजी शेवटच्या सीटवर बसले. थोड्या वेळाने ब्रेक लागला, डबा सरकला, आणि त्यांनी दोन्ही पायांनी तो पकडला. मग नानाखेडा येईपर्यंत तसेच बसून होते, खिडकीकडे तोंड करून. एकदाच बोलले, "प्राचीला पाठवायचं नाही." मी हो म्हटलं.

स्टँडवर उतरलो. ई-रिक्षावाले "कहाँ जाना है, कहाँ जाना है" करत भोवती आले. भाऊजींनी हात हलवून त्यांना नको म्हटलं. सामान पायाशी ठेवून ते कॉलनीच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले, मीही राहिले. न्यायला कोणी येणार नव्हतं. आम्ही तरीही बराच वेळ उभे होतो.