शेजारणीचं तळं, आमची माती

शेजारणीच्या तळ्याचा तळ दिसायचा आणि माझ्या पोटात दुखायचं. सरळच सांगते. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की नजर तिच्या परसात जायचीच. पाण्यात पडलेलं पेरूचं पानसुद्धा वरून ओळखू यायचं. आमच्या तळ्यात म्हैस बसली असती तरी कळलं नसतं.

ती बँकेतली, पुण्याहून बदली होऊन आमच्या विजय नगरात आलेली. आल्या आल्या परसात सिमेंटचं तळं बांधलं, कमळं लावली, पंप बसवला. दिवसभर पाण्यात बुडबुडे. आणि माझे सासरे रोज संध्याकाळी काठी टेकत तिच्याकडे. घरात ‘पाणी दे’ याच्यापलीकडे ज्यांचं बोलणं नाही, ते तिच्या कठड्यावर बसून तासतासभर गप्पा मारत. परत आले की सुरू, ‘पोरीनं काय तळं ठेवलंय.’ पोरगी म्हणे. या घरात माझे केस पिकले, मला कधी कोणी पोरगी म्हटलं नाही.

आमचं तळं त्यांनीच खणलेलं. शाडूचा गणपती ते स्वतः घडवायचे आणि त्याच तळ्यात विसर्जन करायचे. त्यात आमच्या घरची एक रीत आहे. आधी तळाची मूठभर माती वर काढायची, मग मूर्ती सोडायची. ती मूठ पुढच्या वर्षीच्या शाडूत मळायची. त्यामुळे हे तळं कधी कोणी उपसलंच नाही. वरून आंब्याची पानं पडली, कुजली, काळा गाळ साचला, वास सुटला. वरची पानं मी काढायचे, पण तळाला हात लावायची मला परवानगी नव्हती.

उन्हाळ्यात एकदा जेवताना सासरे म्हणाले, ‘यंदा विसर्जन तिकडेच करू म्हणतो. तिचं पाणी चांगलं आहे.’

मी घास ताटात ठेवला. ‘काहून, बाबा? अन् मूठ? तिच्या सिमेंटमध्ये आपली माती कुठून येईल?’

‘राहू दे मूठ यंदा,’ म्हणाले आणि ताक मागितलं. मी ताक दिलं, पण आतून नुसती जळून राहिली होती. गणपती आमचा, रीत आमची, आणि विसर्जन तिच्या दारी? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑटो करून सदर बाजारात गेले. रंगीत मासे विकणाऱ्या दुकानातून हवेचा पंप, नळी आणि नळीच्या टोकाला लावायचा बुडबुड्यांचा दगड आणला. दुकानदार म्हणाला, ‘दीदी, टाइम लगेगा, धीरे-धीरे साफ होगा।’ मला एवढा धीर कुठला? हवा जितकी खालून येईल तितकं पाणी लवकर साफ होईल, असं माझं गणित. दगड थेट तळाच्या गाळात नेऊन ठेवला. सकाळी पाहते तर हिरवं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं. बुडबुड्यांनी सगळी माती ढवळून वर आणली होती. सासऱ्यांनी खिडकीतून पाहिलं, काठी घेतली आणि शेजारी गेले. शिव्या दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

शेजारणीनं भिंतीवरून डोकावून विचारलं, ‘वहिनी, काही मदत हवी का?’

‘नको, मस्त चाललंय आमचं,’ मी म्हणाले, त्या चहासमोर उभी राहून. तिला विचारण्यापेक्षा मी तळं बुजवलं असतं.

त्याच तिरमिरीत नळी खेचली, आमच्या तळ्यात ठेवलेल्या कमळाच्या कुंडीला कशीबशी अडकवली आणि घरात निघून आले. पंप बंद करायचंही सुचलं नाही. पुढचे दोन-तीन दिवस मी तिकडे फिरकलेच नाही. मग गेले, तर माती खाली बसली होती आणि दगड पाण्यात मधोमध लटकून आपलं काम करून राहिला होता. अच्छा, म्हटलं, पाण्याला हवा द्यायची, गाळाला डिवचायचं नाही. मग दगड तिथंच पक्का बांधला आणि पंप दिवसरात्र चालू ठेवला. आधी वास गेला. रोज सकाळी हवेसाठी वर येऊन तोंड उघडणारे आमच्या तळ्यातले मासे खाली फिरायला लागले. कुजकी पानं हळूहळू विरली, काळा थर पातळ झाला. पावसाळाभर वाट पाहिली. गणपती तोंडावर आले तेव्हा तळाचा पिवळट शाडू दिसायला लागला.

मी सासऱ्यांना हाताला धरून आणलं, काठावर खुर्ची टाकली. ‘आता बोला. तिच्यापेक्षा कमी आहे काय?’

त्यांनी काठी टेकून पुढे वाकत तळ न्याहाळला. ‘नाही. चांगलं झालं.’

‘मग विसर्जन इथंच.’

‘अगं, पाण्याचं नव्हतंच ते,’ ते गुडघा चोळत म्हणाले. ‘मला खाली उतरवत नाही आता. मागच्या खेपेला पायरीवर तोल गेला होता. तिचा कठडा उंच आहे, बसल्या बसल्या मूर्ती सोडता येते. तुला कसं सांगावं, म्हणून पाण्याचं नाव घेतलं.’

काठी तर मी रोज पाहत होते.

विसर्जनाच्या दिवशी पंपाची वायर काढली, पदर खोचला आणि मीच पाण्यात उतरले. सासरे खुर्चीत, मांडीवर मूर्ती. आरतीला आलेली शेजारीण त्यांच्या मागे उभी.

‘जास्त हलू नको, गढूळ होईल,’ सासरे म्हणाले. ‘ती काळी नको. थोडं डावीकडे. हां, ती पिवळी दिसते ना, तिथली घे.’ खुर्चीतून त्यांना सगळा तळ दिसत होता. मी वाकून मूठ भरली आणि वर काढली.

‘काका, ही माती कशाला?’ शेजारणीनं विचारलं.

‘पुढच्या सालचा गणपती आहे तो,’ सासरे म्हणाले. मग मूर्ती उचलून माझ्यासमोर धरली. ‘घे पोरी. आता तूच सोडत जा.’

मूठ काठावर ठेवून मी मूर्ती घेतली. डोळे भरून आले होते. पण खोटं कशाला बोलू, आधी मान वर करून पाहिलं, शेजारणीनं ऐकलं की नाही.