सोलरवरचे बिबडे

आमच्या शाळेचं इंटरनेट माझ्या आईने बंद पाडलं. ज्वारीच्या पिठाने.

मी तापीकाठच्या एका खेड्यात मुख्याध्यापक. गावात दिवसा लाईट असली तर लोक दचकतात, म्हणून शाळेच्या छतावर सोलर बसवलेलं. बॅटऱ्या केव्हाच मेल्या, तेव्हा ऊन असेल तोवर नेट. त्या दिवशी अकराला मोठे साहेब व्हिडिओ कॉलवर शाळा बघणार होते. नेट चालताना दिसलं तर पोरांना वीस टॅब, नाहीतर ते दुसऱ्या शाळेला. पोरं केसांना तेल चोपडून टीव्हीसमोर बसली. मी बटण दाबलं. टीव्ही ढिम्म.

बाहेर मार्चचं ऊन डोकं फोडत होतं. मी वायरी उपटल्या, परत खोचल्या, फोन करून सोलरवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या (तो बिचारा "सर, एकदा वर जाऊन बघा" एवढंच म्हणत होता). शेवटी चढलो वर. सगळ्या पॅनलवर आमच्या घरची लुगडी, लुगड्यांवर ओले बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, आणि शेजारी छत्री घेऊन आमची आई! (आमची गच्ची शाळेला चिकटून. एका ढांगेचं काम.)

"माय, आठे कसाले?"

"तूच सांगेल व्हतं ना, या काचवर दिनभर ऊन ऱ्हास."

सांगितलं होतं खरं. महिनाभर रोज जेवताना तीच बढाई मारत होतो.

मी लुगडं ओढलं. आईने दुसरं टोक धरलं. "हात नको लाव, वल्ला शेतस, तुटी जातीन!" तेवढ्यात मोबाइल वाजला. छतावर रेंज झकास. गडबडीत उचलला, तर साहेब, चित्रासकट!

"मुख्याध्यापक, हे काय चाललंय?"

आईने फोन हिसकावला. "साहेब, बिबडा वाळतीन, मंग तुमनं नेट."

साहेब इकडचेच निघाले. "मावशी, तीळ टाकात का?"

"टाकात ना."

"मंग निम्मा काढा, निम्मा ऱ्हाऊ द्या."

आईने माझं ऐकलं नव्हतं, साहेबांचं ऐकलं. निम्मे पॅनल मोकळे झाले, खाली टीव्ही पेटला आणि पोरांनी पाढे असे म्हटले की माझाच ऊर भरून आला.

टॅब आले. सोबत शेरा आला: 'मुलं तयार, नेट उत्तम, मुख्याध्यापकांना प्रशिक्षणाची नितांत गरज.'

मी तो घरात वाचून दाखवला. आई बिबडा भाजता भाजता म्हणाली, "मी तं तुन्हा लहानपणपासून हाईच सांगी ऱ्हायनू."