आत्याची मऊ काठी आणि पाच नंबरची दोरी

माझी आत्या आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवत आली, आणि सुट्टी मिळाली की नदीवर माशी टाकून मासे धरत आली. माशी खोटी, पिसांची. तिला वजन म्हणून नसतंच. लांब जायचं ते दोरीच्या वजनावर. म्हणून काठीला दोरी जुळली नाही, तर सगळंच मुसळ केरात.

यंदा तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि घरात ज्याला त्याला डॉक्टरकी सुचायला लागली. "आता नदी बंद." मला असल्या लोकांची चीड येते. आत्या मात्र कुणाच्या नादी लागली नाही. हात जरा वर जायला लागला तशी तिने ताठ नवी काठी बाजूला ठेवली आणि माळ्यावरून लग्नाआधीची फायबरग्लासची काढली. ही मऊ, पार मुठीपर्यंत वाकणारी; खांद्याकडे झटका मागत नाही.

काठीवर सहा नंबर लिहिलेला, म्हणजे तिला तेवढ्या वजनाची दोरी लागते; नंबर मोठा तशी दोरी जड. आतोबांनी हौसेने सहा नंबरचीच नवी दोरी आणली. मागच्या हिरवळीवर तिने ती टाकून पाहिली. काठी ओल्या फडक्यासारखी लोळली, दोरीचा पायाशी ढीग झाला आणि आत्या खांदा धरून पायरीवर बसली.

"पुरे झालं आता," आतोबा म्हणाले. "काठी म्हातारी, आपणही म्हातारे."

"म्हातारे तुम्ही. काठीला काहीही झालेलं नाही. हल्ली ताठ काठ्या वाकाव्यात म्हणून दोरीवर सहा लिहितात आणि तिच्या तोंडाशी साताचं वजन भरतात. नुसता नंबर बघून भागत नाही, टाकूनच बघावी लागते."

तिने आपल्याजवळची जुनी पाच नंबरची, दोन्ही टोकांना सारखीच निमुळती होत जाणारी दोरी ओवली. कोपर कमरेशी ठेवून हात मागे नेला आणि थांबली. चहाला उकळी येईपर्यंत जिला दम निघत नाही ती आमची आत्या, दोरी मागे सरळ होईपर्यंत थांबली. मग हात सावकाश पुढे आणला. दोरी उलगडत कुंपणापर्यंत गेली आणि अलगद गवतावर उतरली. मला रडूच आलं.

"दुखलं?" आतोबांनी विचारलं.

"दुखलं. उद्या नदीवर जातेय."

आतोबा चपला घालून शेजाऱ्याकडे गेले. आत्याचे पाण्यात उतरायचे बूट त्यांनी तिला न विचारता गेल्याच आठवड्यात त्याला देऊन टाकले होते.