मेणाचं नाक

नाटक कंपनीत रंगभूषा करणाऱ्या बाईंना सगळे नाकवाली मावशी म्हणत. जुन्या नाटकातल्या परधर्मी म्हाताऱ्याला त्या कित्येक वर्षं मेणाचं लांब, बाकदार नाक लावत आल्या होत्या. ते दिसलं की प्रेक्षक हसायला मोकळे.

आज मात्र त्यांची नवी सून पहिल्यांदाच प्रयोगाला आली होती, आणि ती होती त्या म्हाताऱ्याच्याच धर्माची. मावशींनी तळहातावर मऊ केलेलं मेण परत डब्यात टाकलं.

दिग्दर्शक धावत आला. “मावशी, नाक कुठाय?”

“देवानं दिलंय की त्याला एक!”

“अहो, मग लोक हसतील कशाला?”

“नकोच हसायला. बिचाऱ्याचा निवाडा चाललाय तिथं.”

“मला उद्या दुसरी बाई बघावी लागेल हं.”

“खुशाल बघ. आज मी आहे.”

पडदा उघडला. न्यायाधीश म्हाताऱ्याला म्हणाला, “धर्म सोड, म्हणजे दया करू.” एरवी इथं टाळ्या पडत. आज मागं कुणीतरी सवयीनं खिदळलं आणि एकटंच पडून गप्प झालं.

मावशींनी विंगेतून पाहिलं. सून ताठ मानेनं बसली होती. मावशींनी मेणाचा डबा पिशवीत घातला. उद्या दुसरी बाई आली, तरी नाक लावायला तिला मेण मिळणार नव्हतं.