कपाटावरचा तळवा

लोखंडी कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि ठाकुर्लीच्या घरातली ती रविवारची दुपार आठवते. ऑनलाइन रेडिओवर मी पहिल्यांदाच लाइव्ह तासभर गाणी लावत होतो. सोल, इलेक्ट्रॉनिक संगीत आणि छातीत घुमणारा बेस! बाबा पलंगावर बसलेले. मानपाड्याच्या कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर राबून त्यांचे कान गेलेले, त्यामुळे माझा कार्यक्रम न ऐकणारे घरात तेवढे एकच. मी दुसरं गाणं पहिल्यात मिसळलं आणि स्पीकरच्या बेसने शेजारचं कपाट थडथडायला लागलं. आई ओरडली, "अरे, वरचे डबे पडतील!" बाबांनी उठून कपाटाला तळवा टेकला आणि तिथेच थांबले. बोटं ठेका धरायला लागली. मग वळून, माइक चालू असताना, केवढ्या मोठ्याने म्हणाले, "गाणं बदलताना एक ठोका मागे पडलास. मशीनवर असतास तर बोट गेलं असतं!" खरंच पडलेलो! चॅटमध्ये धडाधड एकच प्रश्न, हे कोण? मी लिहिलं, माझे बाबा. आज माझ्याकडे भारीतले हेडफोन आहेत, पण दोन गाणी जोडताना माझा एक तळवा अजून त्या कपाटावरच असतो.