तांदळातलं आधीचं नाव

नवऱ्याने रत्नागिरीत सायबर कॅफे काढला आणि काउंटरवर मला बसवलं, तेव्हापासून शाळेतल्या एक चित्रकलेच्या बाई दर शनिवारी येत. फ्लॉपी स्टीलच्या डब्यातून आणायच्या, खारी हवा लागू नये म्हणून. एकेक चित्र उघडायला पाच पाच मिनिटं लागत. मी वैतागले की म्हणायच्या, "येऊ दे गो सावकाश. मला कुठे गाडी पकडायचीय?"

त्यांनी इंटरनेटवर एक पान केलं होतं. लग्नात नवरा अंगठीने तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो, तसल्या तांदळाच्या कोऱ्या ताटांचं. ताटावर क्लिक केलं की तिचं लग्नाआधीचं नाव उमटे, तिने स्वतःच्या बोटाने लिहिलेलं. त्यासाठी बाई भाट्यापासून आरे-वारेपर्यंत ताट, तांदूळ आणि कॅमेरा घेऊन घरोघर फिरल्या होत्या. "एका सासूने दार लावलंन," त्या हसत सांगायच्या, "तर सुनेने मागच्या खिडकीतून हात बाहेर काढलान नि लिहिलंन!"

एका शनिवारी त्यांनी ताट माझ्यापुढे ठेवलं. "आता तू."

लग्नानंतरच्या अकरा वर्षांत ते नाव मी उच्चारलंही नव्हतं. बोट तांदळात तसंच अडून राहिलं. बाई चित्र उघडायची वाट बघायच्या, तशाच कॅमेरा धरून थांबल्या. मग मी लिहिलं.

महिन्याभराने नवरा ते पान बघत बसला होता. क्लिक करता करता थांबला.

"ही शालन कोण गो?"

"आठव सावकाश," मी म्हटलं. "मला कुठे गाडी पकडायचीय?"