रोज तीन, जेवणानंतर
परवा माझ्या औषधाच्या चिठ्ठीवर 'टी.डी.एस., पी.सी.' ही अक्षरं दिसली आणि सन पन्नासनंतरच्या वर्षांतली घाटकोपरची आमची खोली आठवली. रेशनचा जाडा तांदूळ शिजला की त्याचा कुबट वास खोलीभर राहत असे. वडील नव्हते, धाकटी भावंडं तीन, आणि मला नोकरी लागून वर्षच झालं होतं. आईला चक्कर येऊ लागली म्हणून तिला दवाखान्यात नेलं. रक्त कमी आहे, असं सांगून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. कंपाउंडरने त्या अक्षरांचा अर्थ सांगितला, "दिवसातून तीनदा, जेवणानंतर," आणि सात दिवसांच्या एकवीस गोळ्या बाटलीत घालून दिल्या. मी आईला तसंच समजावलं. आठवडा झाला तरी चक्कर थांबेना, म्हणून मी बाटली पाटावर उपडी केली. गोळ्या चौदा उरल्या होत्या. "आई, रोज तीन घ्यायच्या होत्या ना गं? तू एकेकच घेतलीस!" मी चिडून म्हणालो. शेगडीवरची भाकरी उलटत ती म्हणाली, "ओरडू नकोस रे. जेवणानंतर घे म्हणालास, तशीच घेतली. एकदाही चुकवली नाही." म्हणजे ती दिवसातून एकदाच जेवत होती. "मी मागाहून बसते," हे तिचं रोजचं वाक्य मला पाठ होतं. त्या दिवशी तिचं ताट मी माझ्याशेजारी मांडलं आणि ती जेवेपर्यंत उठलो नाही. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाचा आहे. हिशेबात माझी कधी चूक होत नसे. पण घरात माणसं पाच आणि मांडलेली ताटं चार, हे मी तोवर मोजलंच नव्हतं.